मेस्त्री, एक करून हवंय

दुकानात शिरल्या शिरल्या ‘युकुलेले’ म्हणू नका. १८८६ चा ऑक्टोबर चालू आहे, गाव होनोलुलू, आणि ज्या वाद्यासाठी तुम्ही हा एवढा उलटा प्रवास केलात, त्याचं बारसं अजून धड झालेलं नाही. कुणी त्याला मशेत म्हणतं, कुणी ब्रागिन्या. त्याचं पाच तारांचं थोरलं भावंड आहे, राजाओं; त्याला गोऱ्यांनी नाव ठेवलंय टॅरोपॅच फिडल. टॅरो म्हणजे आपला अळू. अळूच्या वाफ्यातलं फिडल! ज्या गावात अळूचा कंद कुटून त्याच्या लगद्यावर दोन वेळा जेवतात, तिथे हे नाव मायेनंच पडलेलं असणार. तेव्हा भिंतीवर टांगलेल्या त्या चिमुकल्या वाद्याकडे मुकाट्यानं बोट दाखवा. नावाचं पुढे बघू.

पण आधी दुकान गाठायचंय. किंग स्ट्रीट कच्चा आहे, घोडागाड्यांनी उडवलेला धुरळा दातांत कचकचतो. एप्रिलात चायनाटाउनला आग लागली आणि गल्ल्याच्या गल्ल्या बसल्या. जळक्या लाकडाचा वास अजून गेलेला नाही, त्यावर आता नव्या फळ्यांचा वास चढलाय. डोक्यावर टेलिफोनच्या तारा दिसल्या तर दचकू नका. जुलैत तर राजवाड्यापुढे विजेचे दिवे लावून दाखवले, गाव लोटलं होतं बघायला. राजा कालाकाउआला नव्याची हौस दांडगी. येत्या १६ नोव्हेंबरला तो पन्नास वर्षांचा होतोय, त्या जुबिलीची लगबग सगळीकडे आहे.

तुमचा गव्हाळ रंग पाहून लोक तुम्हाला पोर्तुगीज समजतील. समजू द्या. या गावात हवाईयन आहेत, चिनी आहेत, अमेरिकन मिशनऱ्यांची नातवंडं आहेत, गेल्या वर्षापासून जपानी मजूर यायला लागलेत. मराठी माणूस मात्र तुम्ही एकटेच. कुणी खोदून विचारलंच, तर ‘बॉम्बे’ सांगा. थाप वाटणार नाही. खुद्द राजा १८८१ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता तेव्हा कलकत्त्याहून आगगाडीनं मुंबईला आला आणि तिथून बोटीनं सुएझकडे गेला. राज्यावर असताना जगाला फेरी मारणारा तो पहिला राजा. त्याच्या प्रजेला मुंबई निदान ऐकून ठाऊक असायला हरकत नाही.

हे घ्या, आलं दुकान. दुकान कसलं, सुतारशाळाच. दारातच एक अर्धवट कपाट आडवं पडलंय, कारण पोट वाद्यांवर भरत नाही, कपाटांवर आणि टेबलांवर भरतं. आत उन्हाचा एक तिरपा पट्टा आणि त्यात तरंगणारा भुसा. कोपऱ्यात निखाऱ्यावर सरसाचं भांडं. उकळत्या चामड्याचा तो वास पहिल्या पाच मिनिटांत नको होतो आणि सहाव्या मिनिटाला जाणवेनासा होतो. भिंतीवर आठाच्या आकड्यासारखे लाकडी साचे. रंधा, पटाशी, कानस, करवत, सगळं ओळखीचं. तुमच्या आजोळच्या सुताराला इथे आणून बसवलं तर तो विडी पेटवून सरळ कामाला लागेल.

बाकावर वाकलेल्या माणसाला हाक मारा, “मेस्त्री!”

तो मान वर करतो. करणारच. तुम्हाला वाटतं की आपल्याला पोर्तुगीज येत नाही. गैरसमज आहे तो. ‘मेस्त्री’ हा त्यांचाच शब्द, आणि तो काही एकटा आलेला नाही. वसई, चौल आणि गोव्याच्या बंदरांतून असे किती तरी शब्द आपल्या घरात शिरले. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली. पोर्तुगीज गेले, शब्द आपल्याकडेच राहिले. चावी, फीत, पाव, पगार, घमेलं, पिंप, बटाटा, अननस. एवढ्या भांडवलावर कपाटसुद्धा करून घेता येईल, चार तारांच्या वाद्याचं काय घेऊन बसलात! ‘फीत’ म्हणा आणि वाद्याच्या कडेवरून बोट फिरवा; त्याला कळतं की तुम्हाला कडेला नक्षीची पट्टी हवीये. ‘पगार’ म्हणा आणि खिसा चाचपा; तो हसतो.

तुमचा हा मेस्त्री कोण, ते आधीच सांगून टाकतो. मानुएल नुनेश, आउगुश्तु दीयश आणि जुझे दु एश्पिरितु सांतु हे तीन सुतार या वाद्याचे जनक म्हणून इतिहासात बसलेत, पण तो त्या तिघांपैकी नव्हे. त्यांच्याच मदेरा बेटावरचा, त्यांच्याच बोटीनं आलेला, आणि ज्याचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही असा धरून चला. खऱ्या माणसांच्या तोंडी आपली वाक्यं घालण्यापेक्षा हे बरं.

बोटीची गोष्ट तो हातवाऱ्यांनी सांगतो. ‘पीपा’ म्हणतो आणि दोन्ही हातांनी पिंपाचा गोल दाखवतो, मग पिंप उपडं करतो. रिकामं. मदेरा बेटाची सगळी दौलत दारूच्या त्या पिंपांत होती. १८५० च्या दशकात द्राक्षवेलींवर बुरशी पडली, १८७० च्या दशकात मुळांना फायलोक्सेरा नावाची कीड लागली आणि वेली वाळून गेल्या. इकडे हवाईत नेमकं उलट. १८७६ मध्ये अमेरिकेशी करार लागू झाला, साखर जकातीशिवाय जायला लागली, उसाचे मळे वाढले आणि मजूर कमी पडायला लागले. ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाच्या शिडाच्या जहाजानं चारशेच्या वर माणसं भरून आणली, बायकापोरांसकट. चार महिने समुद्रावर. २३ ऑगस्ट १८७९ ला ती होनोलुलूला लागली तेव्हा जुआंव फर्नांदिश नावाच्या एका उतारूनं दुसऱ्या कुणाची तरी मशेत मागून घेतली आणि धक्क्यावरच गाणं सुरू केलं, असं सांगतात. दोन-तीन आठवड्यांत तर रस्त्यात रात्री चालणाऱ्या त्यांच्या गाण्याबजावण्याची बातमी गावच्या छापखान्यापर्यंत गेली. सुतारांना मात्र आधी उसात जावं लागलं. कराराची मुदत भरल्यावर एकेक जण शहरात परतला आणि रंधा हातात घेतला.

आता तुमचं काम. मिरजेत तानपुरा करायला टाकलात तर कारागीर पहिल्यांदा विचारतो, गाणार कोण, बाई की पुरुष, पट्टी कोणती. लाकूड, नक्षी, रंग हे सगळं मागून. मेस्त्री तेही विचारत नाही. तो तुमचा डावा हात ओढून घेतो, पंजा फाकवतो आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत दोरा ताणून दोऱ्याला गाठ मारतो. मग भिंतीवरचं एक तयार वाद्य काढून तुमच्या हातात देतो: वाजवा. तुम्ही वाजवता, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावर तुमची बोटं दादरच्या पुलावर संध्याकाळी सहाला होते तशी एकमेकांवर चढतात. पुण्याच्या भाचीचं निळं प्लास्टिकचं युकुलेले वाजवतानाही हेच झालं होतं. तिथे तुम्ही बोटांना दोष दिलात. इथे मेस्त्री वाद्य काढून घेतो आणि मान हलवून सांगतो की दांडी बदलू, बोटं राहू देत.

लाकडाच्या फळ्या मागच्या पडवीत उभ्या आहेत. कोआ. रंग तुपात परतलेल्या गुळासारखा, मधेच काळसर धारा. हे झाड तुम्ही पाहिलेलं नाही, पण त्याच्या भाऊबंदांना रोज ओलांडून जाता. कोकणातल्या सडकांच्या कडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आठवा, कोयत्यासारख्या वाकड्या पानांची. कोआही अकेशियाच. रोपटं असताना पानं आपल्या बाभळीसारखी बारीक, मोठं झालं की कोयते. हवाईयन लोक याच्या ओंडक्यातून होड्या कोरत आले, आणि त्यांच्या भाषेत ‘कोआ’ म्हणजे योद्धासुद्धा. परक्या सुतारांनी आपल्या बेटावरची रीत सोडून तबली, पाठ, बगला सगळंच याचं करायला घेतलं, ही मला त्यांच्या साऱ्या कारागिरीतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. वाद्य परदेशी, अंग इथलं. मग परकं म्हणायची सोय उरली नाही.

मेस्त्री अंगठा थुंकीनं ओला करतो आणि एका फळीवरून फिरवतो. ओल्या पट्ट्यात लाकूड जागं होतं. उन्हात धरलं की वाघाच्या पाठीसारख्या लहरी हलताना दिसतात. तुमचा जीव त्याच फळीवर जातो. तो नाही म्हणतो. दुसरी उचलतो, सरळ रेषांची, साधी, मुलगी बघायला गेल्यावर पाहुणे जिच्याकडे बघतही नाहीत त्या मावशीसारखी. ती कोपऱ्यात धरून बोटाच्या पेरानं ठोकतो. टंऽ. मग तुमची लाडकी फळी ठोकतो. ठप. लहरी म्हणजे आडवेतिडवे वळलेले तंतू. दिसायला देखणे, पण तारांचा ताण सोसायला आणि थरथरायला सरळ तंतू बरे. तुमचं मन राखायला तो लहरींची फळी पाठीला लावायचं कबूल करतो. पाठ तुमच्या पोटाशीच दडणार म्हणा.

विसार म्हणून एक डॉलर ठेवा. चांदीचा, १८८३ चा, एका बाजूला कालाकाउआचे कल्ले. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेलं हे नाणं. मेस्त्री ते वाजवून बघतो, फळीसारखंच.

दुसऱ्या दिवशी या, कारण हा भाग चुकवायचा नाही. एरवी पडद्यांच्या जागा काढायला त्याच्याकडे खुणा केलेली एक जुनी पट्टी आहे. ती दांडीवर ठेवायची, टोचा मारायचा, झालं. तुमच्या दांडीला ती चालत नाही. तुमच्यासाठी त्यानं तारेची वाजती लांबी साडेतेरा इंच धरलीये, आणि पडदे पहिल्यापासून मोजणं आलं. तो कर्कटक काढतो. हिशेब जुना आहे, युरोपातल्या वाद्यकारांचा: उरलेल्या तारेचे अठरा भाग करा, एक भाग सोडा, तिथे पडदा. पुन्हा उरलेल्याचे अठरा. साडेतेराचा अठरावा भाग पाऊण इंच, नेमका. तुम्ही मनातल्या मनात करता आणि पावकी-निमकी पाठ करून घेणाऱ्या मास्तरांना इथूनच नमस्कार घालता. पुढे मात्र हिशेब तुमच्या हातचा राहत नाही. पावणेतेराचा अठरावा भाग काढेपर्यंत मेस्त्रीचं कर्कटक तिसऱ्या पडद्याला पोचलेलं असतं.

बारावा पडदा येतो तेव्हा तुम्ही शहाणपणा करता. बारावा म्हणजे वरचा सा, म्हणजे तार बरोब्बर निम्मी व्हायला हवी, पावणेसात इंचांवर. तुम्ही पट्टी लावता. खूण अलीकडे पडलीये, इंचाचा विसावा भाग, सव्वा मिलिमीटर. ‘चुकलं’ असं तुम्ही चेहऱ्यानं म्हणता. मेस्त्री तयार वाद्याची एक तार उचलतो आणि पडद्यावर दाबतो, सावकाश, तुम्हाला दिसेल अशी. तार खाली जाते, ताणली जाते. ताणली की स्वर किंचित चढतो. खूण अलीकडे असल्यानं उतरणार तेवढाच, जवळपास. एक चूक दुसरीला खाते. अठराच्या जागी काटेकोर आकडा सतरा पूर्णांक आठशे सतरा सहस्रांश आहे हे तुम्हाला इंटरनेटनं सांगितलेलं असतं. ते इथे बोलून दाखवायची गरज नाही.

मधले आठवडे भुर्रकन जातात. बगला वाकवायच्या दिवशी तेवढे या. नाण्याच्या जाडीची पट्टी पाण्यात भिजलेली, खाली निखाऱ्यांनी तापलेली लोखंडी नळी. पट्टी नळीवर टेकताच चर्र होतं, वाफ निघते, आणि मेस्त्री तळहातांनी ती हळूहळू ओढून घेतो, पोळी उलटवताना बोटांना चटका माहीत असूनही हात मागे घेत नाहीत तसा. पहिली बगल वळते. दुसरी कंबरेपाशी कडकन मोडते. तो काही बोलत नाही. तुकडे उचलतो आणि सरसाच्या भांड्याखालच्या निखाऱ्यात घालतो. तिसरी पट्टी भिजत घालतो. तुमच्या वाद्याच्या सरसाला तुमच्याच वाद्याच्या बगलेचं जळण मिळालं. वर शेवटी हात फिरेल तो लाखेच्या पॉलिशचा, आणि लाख म्हटलं की ती बहुधा हिंदुस्थानातल्याच कुठल्या तरी पळसाच्या नाही तर कुसुमाच्या फांदीवरची. आपण एकटेच इतक्या लांब आलो असं वाटून घेऊ नका.

ठरल्या दिवशी वाद्य तयार असतं. हातात घ्या. वजन लागत नाही. रिकाम्या काडेपेटीसारखं, जोरात धरलं तर चेपेल असं वाटतं. तोंडाभोवती गडद-फिकट लाकडाच्या तुकड्यांची दोरीसारखी फीत. दांडीवर वेगळी पट्टी नाही, पडदे दांडीतच रुतवलेले. घोडी बुटकी. चार तारा आतड्याच्या, आपल्या सारंगीला असतात तशा. लाकडी खुंट्या नुसत्या भोकात दाबून बसवलेल्या. सुटायला लागल्या तर फिरवताना आत दाबायच्या आणि खडू लावायचा, हे मेस्त्री करून दाखवतो. तंबोरा लावलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, पण मान डोलवा.

तो तार लावतो ती सवयीनं, मशेतच्या चालीवर. तिसऱ्या तारेला, म्हणजे वरून दुसरीला, सा धरलात तर क्रम असा: मंद्र पंचम, षड्ज, गंधार, मध्यातला पंचम. छान लागतं, मोकळं, रविवारच्या चर्चमधून बाहेर पडल्यासारखं. मग दारात उभा असलेला हवाईयन पोरगा आत येतो. पंधरा-सोळा वर्षांचा, अनवाणी. जुबिलीला हुला नाचणाऱ्यांच्या साथीला ही वाद्यंही असणार आहेत, त्यामुळे दुकानात अशा पोरांची ये-जा वाढलीये. मिशनऱ्यांनी जो नाच पाप म्हणून दाबला तोच राजा भर दरबारात नाचवून घेतोय, आणि साथीला हे बोटीतून उतरलेलं पोर. पोरगा न विचारता वाद्य घेतो आणि खुंट्या पिळतो. सगळ्यात वरची तार, जी खर्जातली म्हणून तुम्ही धरून चालला होतात, ती काढून तो तिथे बारीक तार घालतो आणि सप्तकभर वर लावतो. शेवटची आणखी एका स्वरानं वर घेतो. राजाओंच्या शेवटच्या चार तारांचा हा क्रम. आता सरळ उतरत्या बोटानं छेडा.

प सा ग ध.

तुम्ही पुन्हा छेडता. मग हसायला येतं. एक रिषभ तेवढा राहिला, बाकी सगळा भूप! गाण्याच्या क्लासात पहिल्या महिन्यात घोटून घेतलेला तो भूप, चार मोकळ्या तारांत, होनोलुलूच्या एका सुतारशाळेत. वरची तार उंच असल्यामुळे स्वर जिन्यावरून उतरल्यासारखे येत नाहीत, उड्या मारत येतात. पोरगा वाजवतो तेव्हा बोटं दिसत नाहीत. तो म्हणतो, “उकु,” आणि दंडावर चिमटा काढल्यासारखं करतो. “लेले,” आणि चिमूट हवेत उडवतो. पिसू. उडणारी पिसू.

या नावाबद्दल पुढे भांडणं होतील. कुणी म्हणेल की राजाच्या दरबारात एडवर्ड पर्विस नावाचा एक बारकेला, चुळबुळ्या इंग्रज होता, पिसू हे त्याचं टोपणनाव आणि त्यावरून वाद्याचं. राजाची बहीण, पुढे राणी झालेली लिलिउओकालानी, स्वतः चांगली संगीतकार. ती ‘उकु’चा अर्थ देणगी असा लावेल, ‘लेले’चा अर्थ येणं: इथे चालून आलेली देणगी. राणीला शोभेल असाच अर्थ आहे. मला पिसूच पटते.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे ते पोटात ठेवा. सहा-सात वर्षांनी इथलं राज्य उलथवतील हे सांगू नका. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अख्खी अमेरिका या पिसूच्या मागे लागेल, नुनेशच्या हाताखाली शिकलेला सॅम्युएल कामाका १९१६ मध्ये स्वतःचा कारखाना काढेल आणि पुढे याला अननसाचा आकार देईल, हेही नको. अननस म्हटलंत तर मेस्त्रीला शब्द कळेल, आणि मग समजावत बसावं लागेल.

उरलेले पैसे चुकते करा. मेस्त्री हात झटकतो, फळीवरची वही काढतो, पेन्सिल जिभेला लावतो. तुम्हाला राहवत नाही. वहीवर बोट ठेवून तुम्ही सांगता, “उकुलेले.” पोरगा मागून दुजोरा देतो. मेस्त्री दोघांकडे बघतो, चष्म्यावरून, आणि लिहितो: मशेत, कोआ, एक. मग तुमचं नाव विचारतो. तुम्ही सांगता, आडनावासकट. तो पुन्हा विचारतो. तुम्ही पुन्हा सांगता, तोडून तोडून. तो पेन्सिल हवेत धरून थांबतो, आणि मग त्याच ओळीत पुढे, ठसठशीत अक्षरात, लिहून टाकतो: बोंबाईं.